बोअरची मोटर दीड वर्षात तिसऱ्यांदा जळली! पाण्यात बुडून ही चालते तरी कशी?

पायरीवरची_सेक्रेटरी | ९ मे, रात्री १०:४२

मंडळी, आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ. सात मजले, छप्पन्न फ्लॅट. महापालिकेचं पाणी पिण्या-रांधण्यापुरतं येतं. फ्लश, बाग, जिने धुणं हे सगळं बोअरवर. बोअर तीनशे फूट, साडेसहा इंची, मोटर दोनशे फुटांवर सोडलेली, दीड एचपी.

ही मोटर दीड वर्षात तीनदा जळली. दर वेळी तेच. तिपाई आणि चेनपुली घेऊन चार मुलं येतात, दहा-दहा फुटांचे पाइप उपसतात, मोटर रिक्षात घालून नेतात, पाच दिवसांनी आणून सोडतात. काढणं-घालणं धरून अकरा-बारा हजारांचा फटका. मधले पाच दिवस टँकर, ते वेगळंच.

परवा कमिटीची मीटिंग झाली. एका सभासदांचं म्हणणं, "दीडची झेपत नाही, तीन एचपी टाका." खजिनदारांच्या मते कंपनी बदलायला हवी. शेवटी सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नेटवर वाचता ना, तुम्हीच बघा." म्हणून हा धागा.

मला मुळापासून सांगा. वीज आणि पाणी यांचं वैर आपण लहानपणापासून ऐकतो, मग ही बया रात्रंदिवस पाण्यात राहून चालते कशी? चोवीस तास गार पाण्यात असूनही जळते कशी? आणि तीन एचपीचं काय करू?

---

शंकासूर | ९ मे, रात्री ११:०५

उत्तर माहीत नाही, पण धाग्यावर ठाण मांडून बसलोय. ओल्या हाताने बटण लावलं म्हणून आईचा मार खाल्लाय, आणि तिनेच आणलेल्या कूलरमध्ये एवढासा पंप पाण्यात बुडून गुरगुरत असायचा. हा अन्याय अजून विसरलो नाही.

---

जळकी_वायंडिंग | १० मे, सकाळी ६:२०

ताई, वागळे इस्टेटला सत्तावीस वर्षं रिवाइंडिंगचं (जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं) दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. तुमच्यासारख्या सोसायट्यांवर आमचं घर चाललं, तेव्हा खालचं सगळं धंद्याच्या मुळावर येणारं आहे असं समजा.

बोअरची मोटर म्हणजे मनगटापेक्षा थोडी जाड आणि उभी केली तर छातीला लागेल अशी स्टीलची नळी. खालचा भाग मोटर, वरचा पंप, मधे जाळी. पाणी बुडातून शिरतं असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही, ते मधल्या जाळीतून शिरतं आणि वर जातं. पंपात एकावर एक वाट्या रचलेल्या असतात, जेवणाच्या डब्यासारख्या. प्रत्येक वाटीत एक चाक, त्याला इंपेलर म्हणतात. मोटर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेते. चाक पाणी कडेला भिरकावतं, वाटी त्या वेगाचा दाब करते आणि पाणी वरच्या चाकाच्या तोंडात देते. एकेका वाटीला थोडाथोडा दाब चढत जातो. बोअर खोल असली की वाट्या जास्त, म्हणजे आमच्या भाषेत स्टेज जास्त. डोक्यावर एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो, मोटर बंद झाल्यावर पाइपातलं पाणी उलटं धावून चाकं उलटी फिरू नयेत म्हणून.

आता विजेचं. बऱ्याच मोटरींच्या आत पाणीच असतं! आम्हीच भरतो. सोडायच्या आधी बूच काढून स्वच्छ पाणी ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी सोडली तर पहिल्याच दिवशी बोंब. आतली तार साध्या पंख्याच्या तारेसारखी नुसती वार्निशची नसते, तिला प्लास्टिकचं वेष्टण असतं. पाणी वेष्टणाला लागतं, तांब्याला लागत नाही. दुसरा प्रकार तेलाचा. त्यात साधी इनॅमलची तार, आत पांढरं तेल आणि दांड्यावर सील. सील गेलं की तेल बाहेर, पाणी आत. बादलीत तवंग दिसला तर समजायचं सील गेलं.

खरी कमजोर जागा केबलचा जोड. मोटरची छोटी चपटी तीनपदरी केबल आणि वरून येणारी लांब केबल जिथे जोडतात तिथे टेप नीट गुंडाळली नाही की पाणी शिरलंच. वायंडिंग ठणठणीत, जोड कुजलेला, अशा कितीतरी मोटरी "जळाली" म्हणून माझ्याकडे आल्या.

तुमची का जळते ते इथे बसून सांगत नाही. आधी एक सांगा, जळण्याआधी पॅनेलवरचा अँपिअरचा काटा कुठे असायचा? तुम्हाला ठाऊक नसेल. जो मोटर चालू करतो त्याला विचारा.

---

कळव्याचा_पक्षी | १० मे, सकाळी ८:५१

वाखूसा (वाचनखूण साठवली). जेवणाच्या डब्याची उपमा कधी विसरणार नाही.

---

शंकासूर | १० मे, सकाळी ९:१५

पण एवढा खटाटोप कशाला? मोटर वरच ठेवा, पाइप खाली सोडा, पाणी ओढून घ्या. दुरुस्ती तरी सोपी होईल.

---

गणिताचा_मास्तर | १० मे, सकाळी ९:४०

पंप पाणी "ओढत" नाही हो शंकासूर. तो तोंडाशी हवेचा दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेचा जोर समुद्रसपाटीला पाण्याचा १०.३ मीटर उंच खांब तोलण्याइतकाच. पाइपातलं घर्षण आणि गळती धरली तर सात-आठ मीटर, म्हणजे पंचवीसेक फूट. त्याखालचं पाणी वरून ओढून निघत नाही, मोटर दहा एचपीची लावा नाहीतर शंभरची. ढकलायला मात्र अशी मर्यादा नाही. वाट्या वाढवा, पाणी चढतं. म्हणून पंपच पाण्यात उतरवायचा.

---

मुरबाडी_मिरची | १० मे, दुपारी १:०२

मास्तरांनी सांगितलं ते आमच्या आज्याला पुस्तक न वाचता कळलं होतं. आमची विहीर पंचेचाळीस फूट. पाणी उन्हाळ्यात तळाला जायचं, म्हणून विहिरीच्या आत अर्ध्यावर दगडी टप्पा काढला होता आणि मोटर त्यावर बसवली होती. पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप असते, फूटव्हॉल्व्ह, तिच्यात कचरा अडकला की पाइपातलं पाणी उतरायचं, मग मोटर नुसती घुंईई करायची. बापू शिडीने खाली उतरून कळशीने पाइप भरायचे, हवा काढायचे, परत वर. आणि पावसाळा लागायच्या आधी ती धूड मोटर दोरांनी वर काढायची, नाहीतर पाण्याखाली. एका जूनला पाऊस रात्रीतून आला आणि सकाळी टप्प्याच्या वर दहा फूट पाणी! मोटर सुकवायला ती उन्हात खाटेवर घातलेली मला आठवते, आजारी माणसासारखी.

आता ओपनवेल सबमर्सिबल आहे, म्हणजे विहिरीत बुडवून ठेवायची मोटर. आडवी, विहिरीच्या तळाशी सोडून दिली. फूटव्हॉल्व्ह नाही, पाइप भरायचं प्रायमिंग नाही. पाणी कितीही चढो.

फक्त थ्री फेजवाल्यांनी ध्यानात ठेवा. मोटर चालते, आवाज नीट आहे, पण पाणी बारीक, असं झालं तर ती उलटी फिरत असेल. लाइनमनने खांबावर काम केलं की फेज बदलतात. तीनांतल्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, पाणी धडाधड. आणि एक फेज गेली तर मोटर जळतेच, म्हणून स्टार्टरमध्ये फेज गेली की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर हवाच. आमच्याकडे शेतीची लाइट रात्री, कोण जागं राहणार काटा बघत?

शेजाऱ्याने सौर पंप घेतलाय, "मागेल त्याला सौर कृषी पंप" मधून, दहा टक्के भरून. रात्रीचं जागरण संपलं म्हणतो.

---

पायरीवरची_सेक्रेटरी | १० मे, रात्री ९:३३

जळकीकाका, विचारलं. आमचे वॉचमन काका गुहागरचे, गेली नऊ वर्षं मोटर तेच लावतात. त्यांचं उत्तर जसंच्या तसं:

"मॅडम, चालू केल्यावर काटा दहावर असतो. पंधरा-वीस मिनिटांनी पाचावर येतो नि थरथरतो. मला वाटायचं, मोटरीवरचा भार कमी झाला, आता आरामात चाललीय."

त्यानंतर ते तीन तासांनी बंद करतात. वेळ तशी वहीत लिहून ठेवलेली आहे.

---

जळकी_वायंडिंग | १० मे, रात्री १०:१०

सापडला चोर.

काकांचं खरं आहे, भार कमीच झाला. पण तो पाणी संपलं म्हणून कमी झाला! चाकाला भिरकावायला पाणीच उरलं नाही, तर मोटरला काम कुठलं? काम नाही म्हणून अँपिअर कमी. तुमच्या पॅनेलमध्ये ओव्हरलोड रिले आहे, तो अँपिअर वाढले तरच पडतो. कमी झाले की तो झोपलेला. म्हणजे तुमची मोटर तीन तासांतले अडीच तास कोरडी फिरते आणि राखणदाराला वाटतं सगळं आलबेल आहे.

पंपातले बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, पाण्यावरच चालतात, पाणी हेच त्यांचं वंगण. कोरडं फिरलं की घासतात, तापतात, दांडा हलायला लागतो, चाकं वाट्यांना घासतात.

---

शंकासूर | १० मे, रात्री १०:२५

थांबा थांबा. मोटर जाळीच्या खाली म्हणालात. पाणी जाळीपर्यंत उतरलं तरी मोटर पाण्यातच की! मग तापते कशी?

---

जळकी_वायंडिंग | १० मे, रात्री १०:४८

शाब्बास, हा प्रश्न मला दुकानातल्या पोरांनीही कधी विचारला नाही.

मोटर नुसत्या पाण्याने थंड होत नाही, वाहत्या पाण्याने होते. अंगावरून पाणी सरकत राहिलं पाहिजे. पंप पाणी घेत नसेल तर मोटरभोवतीचं पाणी तिथल्या तिथे साचून राहतं. एवढ्याशा नळीत किती मावणार? ते कढत होतं. चहाच्या पातेल्यात कॉइल टाकल्यासारखं.

दुसरी एक भानगड बऱ्याच जणांना माहीत नसते. ताईंची बोअर साडेसहा इंची आणि मोटर चार इंची. बोअरला झरे जर मोटरच्या वरच्या खडकात असतील तर पाणी वरून खाली येऊन थेट जाळीत शिरतं, खालच्या मोटरला शिवतही नाही. मग भरल्या बोअरमध्येसुद्धा मोटर तापते. त्यावर उपाय म्हणजे मोटरभोवती पीव्हीसी पाइपाचं एक झबलं घालायचं, वर जाळीच्या डोक्यावर बंद, खाली उघडं. पाण्याला मग मोटरच्या अंगावरूनच वर यावं लागतं. शेदोनशेचा पाइप. सांगितल्याशिवाय कोणी घालत नाही.

---

गणिताचा_मास्तर | ११ मे, सकाळी ७:०५

आता तीन एचपीकडे वळू.

पाणी २०० फुटांवरून, म्हणजे ६१ मीटर उचलायचं. मिनिटाला ६० लिटर म्हणजे सेकंदाला १ लिटर. १ × ९.८१ × ६१ = ५९८ वॉट, हे निव्वळ पाण्याचं काम. दीड एचपी म्हणजे १,११९ वॉट. पंपाची कार्यक्षमता ५३ टक्क्यांच्या घरात, लहान पंपाला ती ठीकच. तेव्हा तुमचा पंप शेवटी-शेवटी मिनिटाला साधारण ६० लिटर देत असणार. बादलीने मोजून खात्री करा.

साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात साडेसहा लिटर पाणी मावतं. (योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा.) पाण्याची पातळी किती फुटांवर आहे ते कळलं की बोअरचा साठा किती ते कळलं. आता बघा, पंप साठा उपसतो आणि खडकाच्या भेगांतून नवीन पाणी येत राहतं. आपल्याकडचा काळा पाषाण, त्यात पाणी मुख्यतः भेगांत. पंपाचा उपसा आवकेपेक्षा जास्त असला की काटा पडणारच. तीन एचपी लावलीत तर उपसा दुप्पट होईल, बोअर निम्म्याहून कमी वेळात कोरडी पडेल, आणि मोटर आणखी लवकर जळेल. एचपीने पाणी वाढत नाही.

त्या सभासदांचा अगदीच पाणउतारा करू नका मात्र. तीन एचपी लागते ती दुसरीकडे. खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला. ५६ घरं, घरी चार माणसं, माणशी १३५ लिटर, झाले ३०,२४० लिटर. अडीच तासांत चढवायचं तर मिनिटाला २०० लिटर. सात मजले, टाकीची खोली, वरच्या टाकीची उंची, पाइपातलं घर्षण मिळून ३२ मीटर धरा. १,०४६ वॉट पाण्याचं काम, निम्मी कार्यक्षमता, आली पावणेतीन एचपी. तिथे मुरबाडकरांसारखी आडवी ओपनवेल टाकीतच बसवा. पंपरूमची घरघर जाते, तळमजल्यावरचे दुवा देतात. पिण्याच्या टाकीत पाणी भरलेली मोटरच घ्या, तेलाची नको.

---

निवांत_नेरुळ | ११ मे, दुपारी १२:३०

बोअर नाही, पण बेसमेंटचा अनुभव लिहितो. नेरुळला आमच्या इमारतीला तळघरात पार्किंग. तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा, त्यात मडपंप, म्हणजे गढूळ पाणी उपसणारा बुडका पंप. त्याला शेपटीसारखा फ्लोट असतो. पाणी चढलं की फ्लोट तरंगून उलटा होतो, आतला स्विच लागतो, पंप सुरू. पाणी उतरलं की लोंबकळतो, बंद. इतकं साधं.

गेल्या जुलैत भर पावसात पंप सुरूच होईना. फ्लोटभोवती दुधाची पिशवी गुंडाळली गेली होती. सकाळपर्यंत तळघरात गुडघाभर पाणी, अकरा स्कूटर आडव्या. भाड्याने पंप मागवला. आणणाऱ्या पोराने तो पाण्यात टाकला, केबलला दोन जागी नुसती टेप, प्लग थेट मीटर रूमच्या सॉकेटला. मी स्कूटर सरळ करायला पाण्यात उतरलो आणि दोन्ही पायांना झिणझिण्या. आधी वाटलं पाय भरून आले. मग लक्षात आलं आणि उडी मारून जिन्यावर चढलो. तोंडातून आवाज फुटत नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आहे, आणि पंप चालू असताना पाण्यात पाय ठेवायचा नाही असं पाटी लावून सांगितलंय. बोअरमध्ये गळती झाली तर पाण्याशेजारी माणूस नसतो. तळघरात आपण स्वतःच पाण्यात उभे असतो.

---

जळकी_वायंडिंग | ११ मे, दुपारी १:१५

वाचलात. आधी मेन बंद, मग पाण्यात पाय. आणि पंप केबलला धरून उचलायचा नाही, त्याला वर कडी असते तिला दोर बांधायचा. नव्वद टक्के केबली ओढूनच फाटतात. (हा आकडा माझ्या पोटातला, मास्तरांनी गणित मांडू नये.)

---

खाडीपल्याड | ११ मे, रात्री ८:२०

वाशीचा आहे, पेशाने स्थापत्य अभियंता. निवांतजींच्या तळघराचं जे झालं तेच आमच्या सगळ्या गावाचं होऊ शकतं, म्हणून थोडं लिहितो.

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको. ती १९७० मध्ये स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल, खाजणाच्या जमिनीवर भराव घालून शहर वसवलं. वाशी-नेरुळ-बेलापूरचे बरेच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव केले. नाले थेट खाडीत न जाता आधी तलावात येतात. तलाव आणि खाडी यांच्यामधे एकाच बाजूने उघडणारी झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं, शहराचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडप आपोआप उघडते आणि तलाव रिकामा. आमचे वाशीकर ज्याच्या काठावर संध्याकाळी भेळ खातात तो हाच तलाव.

गोची कधी होते? साडेचार मीटरवर भरती आणि त्याच वेळी मुसळधार. तलाव भरला, झडप बंद. तिथे पंप लागतात. त्यात तलाव गाळाने उथळ झालेले, त्यात खारफुटी वाढलेली, म्हणून गाळ काढायला परवानग्यांचा फेरा. साठा कमी झाला की सगळा भार पंपावर येतो. (ठाणेकरांनी हसू नये, वंदना टॉकीजपाशी तुमचंही दरवर्षी तळं होतं.)

हे पंप बोअरच्या पंपाच्या उलट स्वभावाचे. बोअरला पाणी थोडं पण उंची फार. इथे उंची दोन-चार मीटर, पण पाणी अफाट. म्हणून डब्यांची चळत नसते, जहाजाच्या पंख्यासारखं एकच मोठं चाक. सांडपाण्याचा पंप आणखी वेगळा. त्याच्या चाकात मुद्दाम मोठी मोकळी वाट ठेवतात, चिंध्या आणि प्लास्टिक निघून जावं म्हणून. मोटर आतून कोरडी असते, दांड्यावर दोन सील, दोहोंच्या मधे तेलाची कोठडी. पहिलं सील गेलं की पाणी तेलात येतं, तिथला सेन्सर बोंब मारतो आणि मोटर भिजायच्या आत आपण पंप वर काढू शकतो.

वर काढण्यावरून एक कळकळीचं. ज्यांच्या सोसायटीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे त्यांनी टाकीतला पंप गाइड रेलवर बसवून घ्या. दोन उभे पाइप, पंप साखळीने वर-खाली सरकतो, खाली आपल्या वजनानेच जोडला जातो. नटबोल्ट खोलायला कोणालाही खाली उतरावं लागत नाही. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो, एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जिवाला मुकतात. संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्याआधी साखळीचा खर्च करा.

---

कळव्याचा_पक्षी | ११ मे, रात्री ९:०२

अवांतर: हा प्रकार शोधला कोणी म्हणून शोधलं. आर्मेस अरुतुनॉफ नावाचा आर्मेनियन वंशाचा अभियंता, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात १९११ मध्ये त्याने कंपनी काढली. पुढे अमेरिकेला गेला आणि १९२० च्या दशकात त्याचे पंप चक्क तेलविहिरीत उतरले. म्हणजे आपल्या मानपाड्याच्या बोअरची मोटर तेलवाल्यांच्या घरातली. बांधकामाच्या खड्ड्यातलं पाणी उपसणारा मडपंप त्यानंतरचा, १९४० च्या दशकातला, स्वीडनचा.

आणि २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत फुटबॉलची मुलं अडकली होती, तेव्हा पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही होते. कॉलर ताठ.

---

शंकासूर | ११ मे, रात्री ९:१०

तलावपाळीचं कारंजं, गणपतीच्या कृत्रिम तलावातलं पाणी काढणं, मेट्रोचे खड्डे, माझ्या आईचा कूलर... आता जिकडे बघावं तिकडे हेच दिसायला लागलंय. सेक्रेटरीबाई, पुढे काय झालं?

---

पायरीवरची_सेक्रेटरी | २३ मे, रात्री ११:१८

उशीर झाला, क्षमस्व. वृत्तांत.

मोटर उघडताना मी स्वतः दुकानात जाऊन बसले. (काकांच्या नाही, आमचा नेहमीचा दुसरा आहे.) वरचं नळकांडं काढलं तर चाकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. वायंडिंग बाहेर आलं तेव्हा जळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचा वास दुकानभर. तारांची वेष्टणं वितळून तारा एकमेकींना चिकटलेल्या, चिक्कीच्या पाकात बुडवून काढल्यासारख्या. केबलचा जोड मात्र कोरडा.

मी विचारलं, "मागच्या दोन वेळी असंच होतं का?"

"हो, अस्संच."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

मोटर बाहेर होती तेव्हाच वॉचमन काकांनी सुतळीला मोठा नट बांधून बोअरमध्ये सोडला. डुबुक झालं तिथे गाठ मारली आणि सुतळी पार्किंगमध्ये पसरून टेपने मोजली. नव्वद फूट. नवीन वायंडिंगची मोटर झबलं घालून सोडली, पहिल्यांदा चालवली तेव्हा आम्ही दोघं घड्याळ लावून पॅनेलसमोर उभे. बादलीने मिनिटाला साठ लिटरच्या आसपास आलं. अठराव्या मिनिटाला काटा थरथरला आणि दहावरून घसरला. लगेच बंद केली. मास्तर, पुढचं तुमचं.

---

गणिताचा_मास्तर | २४ मे, सकाळी ६:५०

वा! पातळी ९० फूट, मोटर २०० वर, मधे ११० फूट पाणी. ११० × ६.५ = ७१५ लिटर साठा. १८ मिनिटांत उपसा १,०८०. वरचे ३६५ लिटर कुठून आले? भेगांतून. भागा १८ ने. आवक मिनिटाला २० लिटर.

तुमचा पंप ६० उपसतो, बोअर २० देते. पंधरा मिनिटं चालवा, तासभर थांबा. पंधरा मिनिटांत ९०० लिटर निघतील, सव्वा तासात दीड हजारापर्यंत आत येऊ शकतात, म्हणजे बोअर भरून येते. सकाळी ६ ते रात्री १० अशा बारा फेऱ्या धरल्या तर १०,८०० लिटर. मे महिन्यातला हिशेब हा, पावसानंतर परत मोजा.

---

जळकी_वायंडिंग | २४ मे, सकाळी ७:३०

टायमर लावाच, पण नुसत्या टायमरवर विसंबू नका. ड्राय रन प्रिव्हेंटर घ्या. अँपिअर ठरल्यापेक्षा खाली गेले की मोटर बंद करतो. सातावर सेट करा. मुलाला सांगतो, तो फोन करून पोटापाण्याचं नुकसान झालं म्हणून रडणार नाही.

---

पायरीवरची_सेक्रेटरी | १२ जून, रात्री ९:५५

टायमर बसला, प्रिव्हेंटर बसला. दहा हजार लिटरचा टँकर रोज येत होता तो बंद झाला. प्रिव्हेंटर आत्तापर्यंत दोनदा पडला, दोन्ही वेळा पाऊस लागायच्या आधीच्या आठवड्यात. तीन एचपीवाले सभासद आता गच्चीच्या पंपाचं कोटेशन घेऊन फिरतायत, आणि या वेळी मी त्यांच्या बाजूने आहे.

वॉचमन काकांनी पॅनेलच्या काचेवर पाचाच्या आकड्याशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. नेलपॉलिश कोणाची, हे विचारूनही सांगत नाहीत.